बुरशी, विमा आणि बहात्तर तास

ऑक्टोबर २०२० मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात जो परतीचा पाऊस कोसळला, त्याने सोयाबीनचे पीक वाहून नेले एवढेच म्हणणे अपुरे ठरेल. बरेचसे पीक शेतातच होते. कोठे उभे, कोठे कापून पसरलेले, कोठे बनीम लावून ठेवलेले. पाणी ओसरले तेव्हा शेंगांतील दाण्यांना कोंब फुटले होते आणि उरल्यासुरल्या दाण्यांवर काळी-पांढरी बुरशी चढली होती. दृष्टीला पीक दिसत होते, परंतु त्याचे मोल नाहीसे झाले होते.

त्या हंगामात पंतप्रधान पीक विमा योजनेखाली या जिल्ह्याची जबाबदारी बजाज अलियान्झ या कंपनीकडे होती. नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत कळविले नाही, या मुद्द्यावर साडेतीन लाखांहून अधिक शेतकरी भरपाईपासून वंचित राहिले. प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेले. मे २०२२ मध्ये खंडपीठाने शेतकऱ्यांच्या बाजूने निर्णय दिला. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली; तेथे सप्टेंबर २०२२ मध्ये तिला २०० कोटी रुपये जमा करण्यास सांगण्यात आले. पीक बुडाल्यावर सुमारे दोन वर्षांनी पैशाचा प्रश्न सुटण्याच्या मार्गाला लागला, हीच या व्यवस्थेची कसोटी आणि हेच तिचे अपयश होय.

मुदतीचा आग्रह सर्वस्वी अनाठायी आहे, असे म्हणता येणार नाही. विमा हा विश्वासाइतकाच पुराव्याचा व्यवहार आहे. महिन्याभराने सांगितलेले नुकसान पडताळून पाहणे कोणालाही अवघड जाईल. परंतु ज्या दिवसांत रस्ते पाण्याखाली असतात, वीज नसते आणि दूरध्वनी लागत नाही, त्याच दिवसांत लाखो शेतकऱ्यांनी एकेकट्याने सूचना द्यावी, ही अपेक्षा कागदावरच शोभते. शिवाय बुरशी ही काही गारपीट नव्हे. गार पडते ती घटका सांगता येते. ओल्या बनिमीच्या पोटात बुरशी कधी धरली ते कोण सांगणार? तिचे ७२ तास कोणत्या क्षणापासून मोजायचे? महसूल व कृषी खात्याचे कर्मचारी बांधावर जाऊन पंचनामे करतात आणि सरकार त्यांच्या आधारे मदत देते. तोच पंचनामा विम्याच्या दारात मात्र निरुपयोगी का ठरावा?

२०२० चा वाद न्यायालयात तरी जाऊ शकला, कारण योजनेत काढणीपश्चात नुकसानीची तरतूद होती. कापून शेतात सुकत ठेवलेल्या पिकाला कापणीपासून १४ दिवसांपर्यंत अवकाळी पावसाविरुद्ध संरक्षण होते. महाराष्ट्रात खरीप २०२५ पासून एक रुपयातील विमा बंद झाला, खरिपासाठी विमा रकमेच्या २ टक्के हप्ता पुन्हा आला, आणि भरपाई पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या उत्पादनाशी बांधली गेली. स्थानिक आपत्ती आणि काढणीपश्चात नुकसान हे दोन्ही आधार वगळण्यात आले. त्याच सप्टेंबरात भूम आणि परंडा तालुक्यांनी महापूर पाहिला. पुढे नोव्हेंबरात केंद्राने खरीप २०२६ पासून वन्यप्राण्यांचा उपद्रव आणि भातशेतीतील पाणी साचणे यांना संरक्षण देण्याचे जाहीर केले. परंतु भात हे धाराशिवचे पीक नव्हे, आणि बनिमीतल्या सोयाबीनचा त्या घोषणेत उल्लेख नव्हता.

कापणी प्रयोग मंडळातील निवडक तुकड्यांवर होतो आणि त्यात दाण्याचे वजन मोजले जाते; दाण्याची प्रत नव्हे. काळवंडलेला दाणाही तराजूत भरतोच. प्रयोगानंतर आठ दिवसांनी बनीम भिजली, तर ते नुकसान कोणत्याही आकड्यात येत नाही. बाजारात मात्र प्रतच मोजली जाते. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनला १२ टक्के ओलाव्याची अट असते. २०२४ मध्ये ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल करावी लागली. खरेदी केंद्रावरून परत आलेला माल व्यापाऱ्याकडे मिळेल त्या भावाने जातो. म्हणजे एकाच दाण्याला विमा ‘पीक’ म्हणतो आणि बाजार ‘नासका माल’ म्हणतो. या दोन मापांच्या फटीत शेतकरी सापडतो.

हा प्रश्न केवळ शेतकऱ्याच्या खिशाचा असता तरी तो गंभीर होता. परंतु बुरशी पुढे आपल्या ताटापर्यंत येते. अ‍ॅस्परजिलस जातीच्या बुरशीपासून निर्माण होणारे अफ्लाटॉक्सिन यकृताला घातक आहे आणि शिजविल्याने ते नष्ट होत नाही. १९७४ मध्ये राजस्थान व गुजरातच्या आदिवासी भागात बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसे दगावली. १९९५ मध्ये दख्खनच्या पठारावरील २७ गावांत पावसाने भिजलेली ज्वारी व मका खाल्ल्याने पोटाचे विकार उद्भवले. त्यामागे फ्युमोनिसिन हे बुरशीजन्य विष आढळले. सोयाबीनपेक्षा भुईमूग, मका आणि सरकी यांना अफ्लाटॉक्सिनचा धोका अधिक, हे खरे. परंतु ही पिके आणि त्यांची पेंडही आपल्याच भागात वापरली जाते. बुरशीची पेंड जनावराने खाल्ली की विषाचा अंश दुधात उतरतो. २०१८ च्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणात ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ नमुन्यांत तो मर्यादेपेक्षा अधिक आढळला.

कायद्याने मर्यादा ठरलेल्या आहेत: तृणधान्यांत किलोमागे १५ मायक्रोग्रॅम, दुधात अर्धा. परंतु मर्यादा कागदावर ठेवून विष थांबत नाही. ज्याला नासलेल्या मालाची भरपाई मिळत नाही, तो चांगल्या मालात तो मिसळून विकणारच. त्याला दोष देणे सोपे, पण त्याच्यापुढे दुसरा मार्ग कोणी ठेवला आहे? विम्याची भरपाई हा अन्नसुरक्षेचाही उपाय आहे, तो असा.

म्हणून काही गोष्टी निश्चित व्हाव्यात. काढणीपश्चात नुकसानीला योजनेत कायमचे स्थान असावे. आपत्ती जाहीर झालेल्या मंडळांत सरकारी पंचनामा हीच सूचना मानली जावी. उत्पादनाबरोबर दाण्याची प्रतही मोजली जावी. बाजार समित्यांत ओलावा मापक, वाळवणी यंत्रे व बुरशीची तपासणी उपलब्ध व्हावी, आणि नासलेला माल खाद्यसाखळीबाहेर जाईल अशी खरेदीची सोय असावी. या मागण्या कोणत्याही एका पक्षाच्या नाहीत. हप्ता घेताना शेतकऱ्याची दोन-चार गुंठेही मोजणारी यंत्रणा नुकसान मोजताना मंडळाच्या सरासरीआड उभी राहणार असेल, तर तिला विमा हे नाव शोभत नाही.