नाबोथाचा मळा आणि ‘अमजद खाना’चा फोन

वैनगंगेच्या काठी, पवनी तालुक्यात, गोसीखुर्द हे गाव आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते येथील धरणाची पायाभरणी झाली. सुरुवातीला ३७२ कोटींचा असलेला हा प्रकल्प पुढे अठरा हजार कोटींच्याही पलीकडे गेला. घरेदारे पाण्याखाली गेलेली माणसे मोबदल्याच्या आणि पुनर्वसनाच्या अर्जांच्या चळती सांभाळीत म्हातारी झाली. त्यांतल्याच एका वृद्धाने मला एकदा विचारले, “फादर, सरकार मोठ्यायचे फोन चोरून ऐकते म्हनतेत. मंग आमचे अर्ज तं उघडेच हायेत, ते काऊन वाचत नाई?”

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. ऐकू नये ते ऐकणारे आणि ऐकावे ते न ऐकणारे शासन, असे आपल्या लोकशाहीच्या दुखण्याचे निदान त्या निरक्षर माणसाने एका वाक्यात केले होते.

‘मोठ्यायचे फोन’ ही त्याच्यासाठी दूरची गोष्ट नव्हती. २०१४ मध्ये भंडारा-गोंदिया मतदारसंघातून खासदार झालेले श्री. नाना पटोले यांनी जुलै २०२१ मध्ये विधानसभेत सांगितले की, २०१६-१७ च्या सुमारास आपला फोन ‘अमजद खान’ या नावाने, अमली पदार्थांच्या व्यापाराचे निमित्त करून, चोरून ऐकला गेला. त्या वेळी ते सत्तारूढ भारतीय जनता पक्षाचेच खासदार होते. पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. फेब्रुवारी २०२२ मध्ये तत्कालीन पुणे पोलीस आयुक्त श्रीमती रश्मी शुक्ला यांच्याविरुद्ध पुण्यात गुन्हा नोंदला गेला. आमदार बच्चू कडू यांचा फोन ‘निझामुद्दीन बाबू शेख’ या नावाने ऐकला गेल्याचा आरोपही त्यात होता. श्री. संजय राऊत आणि श्री. एकनाथ खडसे यांच्या फोनबाबत मार्चमध्ये मुंबईत दुसरा गुन्हा नोंदविण्यात आला.

मग जून २०२२ मध्ये सरकार बदलले. पुण्याच्या प्रकरणात पोलिसांनी ‘सी समरी’, म्हणजे ‘ना खरे ना खोटे’ या वर्गातला अहवाल दिला. मुंबईच्या प्रकरणात खटला चालविण्यास शासनाने मंजुरी नाकारली. सप्टेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने दोन्ही गुन्हे रद्द केले. जानेवारी २०२४ मध्ये श्रीमती शुक्ला राज्याच्या पोलीस महासंचालक झाल्या. कायद्याच्या दृष्टीने त्यांच्यावर कोणताही दोष सिद्ध झालेला नाही. मीही तो ठेवीत नाही. माझा वाद व्यक्तीशी नाही. एका सरकारच्या काळात जे गंभीर पाप होते, ते दुसऱ्या सरकारच्या काळात ‘ना खरे ना खोटे’ कसे होते, हा माझा प्रश्न आहे. सत्य मंत्रिमंडळाबरोबर शपथ घेत नाही आणि राजीनामाही देत नाही.

पवित्र शास्त्रातील नाबोथाची कथा आपणांस ठाऊक आहे. राजा अहाबाला नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता; वाडवडिलांचे वतन तो देईना. तेव्हा ईजबेल राणीने राजाच्या नावाने पत्रे लिहिली, त्यांवर राजाची मुद्रा उमटविली आणि दोन खोटे साक्षीदार उभे केले. मुद्रा खरी होती, मजकूर खोटा होता. खोट्या नावाने मागितलेल्या परवानगीवर गृहखात्याची सही होते, तेव्हा दुसरे काय घडते? आठव्या आज्ञेचा हा भंग शासकीय शिक्क्यानिशी झालेला असतो.

आणि नावे तरी कोणती? ‘अमजद खान’, ‘निझामुद्दीन शेख’! आरोप खरा असेल, तर मुसलमान नाव लिहिले की संशयाला वेगळा पुरावा लागत नाही, असे कोणाला तरी वाटले होते. आपणही अल्पसंख्य आहोत. उद्या त्याच रकान्यात ‘डिसोझा’ किंवा ‘गोन्साल्विस’ लिहिले जाणार नाही, याची हमी कोण देईल?

“देशाच्या सुरक्षेसाठी हे आवश्यक आहे,” असे म्हटले जाते. आवश्यक आहेच. नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात अतिरेक्यांचे सीमेपलीकडील सूत्रधारांशी चाललेले बोलणे ऐकले गेले, त्याची पुढे साक्ष झाली. शस्त्रवैद्याच्या हातात सुरी असावीच. पण ती कोणावर चालली, याची नोंद दुसऱ्या कोणी तरी तपासली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली, पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजच्या याचिकेवर, दूरध्वनीवरील संभाषण हा खासगी जीवनाचा भाग ठरविला. गृहसचिवाचा लेखी आदेश, दोन महिन्यांची मुदत आणि पुनर्विलोकन समिती, अशी कुंपणे घातली. परंतु त्या समितीत बसतात मुख्य सचिव आणि दोन अन्य सचिव. सचिवाचा आदेश सचिवच तपासतो! सहा महिन्यांनी सर्वसाधारणपणे कागद नष्ट होतात, आणि ज्याचे बोलणे ऐकले त्याला ते कधीच कळविले जात नाही. १८८५ च्या तार कायद्याची जागा २०२३ च्या दूरसंचार कायद्याने घेतली, डिसेंबर २०२४ मध्ये नवे नियम आले. पण ही मूळ चौकट तशीच राहिली.

कोणत्याही पक्षाने ती मोडण्याचा आग्रह धरला नाही. आपला फोन ऐकला गेला की सभागृह डोक्यावर घ्यायचे आणि सत्ता आली की ते यंत्र जपून ठेवायचे, ही सर्वपक्षीय रीत आहे. १९८८ मध्ये कर्नाटकाचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांनी याच आरोपावरून पद सोडले होते. आज तेवढी लाजही महाग झाली आहे.

आम्हा धर्मगुरूंना या विषयात बोलण्याचा अधिकार आहे, कारण ऐकणे हे आमचे व्रत आहे. प्रायश्चित्त संस्कारात ऐकलेला शब्द आम्ही मरेपर्यंत उच्चारू शकत नाही. तो फोडणारा धर्मगुरू आपोआप बहिष्कृत होतो. भाविक मन उघडतो तो या विश्वासावर. शासन आणि नागरिक यांचे नातेही अशाच एका न लिहिलेल्या विश्वासावर उभे असते. शिवाय व्हॅटिकनच्या दुसऱ्या विश्वपरिषदेने खासगी जीवनाच्या संरक्षणाची गणना माणसाच्या मूलभूत हक्कांत केली आहे.

“आमचे फोन कोण ऐकणार?” असे म्हणून आपला समाज स्वस्थ बसतो. त्याने फादर स्टॅन स्वामी यांना आठवावे. ज्या महिन्यात पटोले विधानसभेत बोलले, त्याच महिन्याच्या ५ तारखेला, २०२१ साली, हे ८४ वर्षांचे येशूसंघीय धर्मगुरू मुंबईत कोठडीत असतानाच वारले. त्यांच्या संगणकात बाहेरून कागदपत्रे घुसविली गेल्याचा निष्कर्ष एका अमेरिकन प्रयोगशाळेने डिसेंबर २०२२ मध्ये काढला. न्यायालयात त्याची कसोटी लागण्याआधीच फादर देवाघरी गेले होते.

म्हणून मागणी स्पष्ट असावी. पुनर्विलोकन समितीत न्यायाधीश हवा. नाव आणि क्रमांक यांचा मेळ आदेशापूर्वीच घातला जावा. तपास संपल्यावर निर्दोष नागरिकाला कळविले जावे. वर्षभरात किती आदेश निघाले, तो आकडा विधिमंडळात मांडला जावा. आणि खोट्या नावाचा कागद करणाऱ्यावर खटला भरण्यासाठी त्याच शासनाच्या मंजुरीची वाट पाहावी लागू नये.

नाबोथाच्या मळ्यात अहाब उतरला, तेव्हा तेथे एलीया उभा होता. त्याच्याजवळ सैन्य नव्हते, मुद्रा नव्हती. एक प्रश्न होता. गोसीखुर्दच्या त्या वृद्धाजवळही तेवढाच आहे. त्याचा अर्ज अजून उघडाच पडला आहे. तो वाचण्यासाठी कोणाच्याही मंजुरीची गरज नाही.