दुसऱ्याचे पत्र ही अनामत

पोस्टकार्ड आणि बंद लिफाफा यांतला फरक तुम्हांला ठाऊक आहे. पोस्टकार्डावरचा मजकूर वाटेत कोणीही वाचू शकतो. लिफाफा मात्र ज्याच्या नावाचा असेल त्यानेच फोडायचा असतो. मग ई-मेल म्हणजे काय? पोस्टकार्ड की लिफाफा?

ई-मेल उघडायला पासवर्ड लागतो, म्हणून आपण त्याला बंद लिफाफा समजतो. पण तुमचे पत्र सेवा देणाऱ्या कंपनीच्या संगणकात साठवलेले असते. गूगल कंपनीची यंत्रे जीमेलमधील मजकूर तपासून त्यानुसार जाहिराती दाखवीत असत. ही पद्धत बंद करण्याचे कंपनीने २०१७ साली जाहीर केले. शिवाय तुम्ही ज्याला पत्र पाठवता, तो ते आणखी दहा जणांना पाठवू शकतो. सायबर कॅफेत खाते उघडे ठेवून तुम्ही उठलात, तर मागून येणाराही ते वाचू शकतो.

सरकारलाही पत्रे वाचता येतात का? याचे जुने उदाहरण आपल्या रत्नागिरीतच आहे. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केले आणि १८८६ साली येथे आणून ठेवले. १९१६ साली येथेच त्याचा मृत्यू झाला. त्याच्यावर देखरेख करण्यास सरकारी अधिकारी नेमलेला होता. राजाच्या पत्रांवरही सरकारची नजर असे. त्याला राहायला राजवाडा मिळाला, पण मोकळेपणाने पत्र लिहिण्याचे स्वातंत्र्य मिळाले नाही.

तो राजा कैदी होता. आपण स्वतंत्र देशाचे नागरिक आहोत. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. अर्थात या हक्कालाही मर्यादा आहेत. देशाची सुरक्षितता किंवा गुन्ह्याचा तपास अशा कारणांसाठी सरकार ई-मेल तपासू शकते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मध्ये तशी तरतूद आहे. परंतु त्यासाठी कारणे लेखी नोंदवावी लागतात. २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाने एका व्यावसायिकाचे फोन चोरून ऐकण्याचे सरकारी आदेश बेकायदेशीर ठरवले आणि ते ध्वनिमुद्रण नष्ट करण्यास सांगितले.

काही जण म्हणतात, "आम्ही वाईट काही लिहीत नाही. मग कोणी वाचले तर काय बिघडले?" मला हे पटत नाही. आखातात नोकरीला गेलेल्या वडिलांना आई घरातली अडचण कळवते. त्यात वाईट काहीच नाही. तरी ते शेजाऱ्यांनी वाचलेले तिला चालेल का?

आता स्वतःकडे पाहा. सरकारलासुद्धा कारण द्यावे लागते, मग मित्राचा फोन उचलून त्याचे संदेश वाचण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे हा गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आईवडील काळजीपोटी तुमचा फोन पाहतात, ही गोष्ट वेगळी. तरी त्यांनीही तुम्हांला सांगून पाहावा, चोरून नव्हे, असे माझे मत आहे.

तेव्हा आपला पासवर्ड जिवलग मित्रालाही देऊ नका. काम संपताच खाते बंद करा. कोणी विश्वासाने लिहिलेला मजकूर त्याला विचारल्याशिवाय पुढे पाठवू नका. 'अमानत' हा मूळचा अरबी शब्द मराठीत 'अनामत' होऊन आला आहे. शब्दाचे रूप थोडे बदलले, अर्थ तोच राहिला: दुसऱ्याने विश्वासाने आपल्याकडे ठेवलेली वस्तू. दुसऱ्याचे पत्र, मग ते कागदावर असो वा पडद्यावर, अशीच अनामत आहे. ती जपणे हे आपले कर्तव्य आहे.