पाहिले खरे, पण ओळखले का?

दरोड्याची बातमी वाचताना ‘प्रत्यक्ष पाहणारा आहे ना, मग झाले!’ असे आपण भोपाळकरही सहज म्हणतो. आम्हांस मात्र नाशिककडील खटला आठवतो. २००३ च्या जूनमध्ये तेथे दरोडा पडून खून झाले. वाचलेल्या स्त्रीने पोलिसांकडील छायाचित्रांतून चौघांस ओळखले. त्यांच्यावर खटला भरला गेलाच नाही. उभे केले गेले ते भटक्या जमातीचे सहा जण. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांस फाशी ठरविली. त्याच न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी त्यांस निर्दोष सोडून प्रत्येकी ५ लाख रुपये देवविले. गेलेली वर्षे कोण देवविणार?

साक्षीदार खोटेच बोलतो असे नव्हे. अंधार, भय, उगारलेले शस्त्र यांत चेहरा अर्धाच दिसतो. उरलेला मन भरून काढते. म्हणूनच ओळखपरेड, जिला येथे ‘शिनाख्त परेड’ म्हणतात, कायदा स्वतंत्र पुरावा मानीत नाही. न्यायालयातील ओळखीस तिचा केवळ आधार. ती लवकर व्हावी, तत्पूर्वी आरोपीचा चेहरा साक्षीदारास दाखविला जाऊ नये. भोपाळहून जबलपुरास जाणाऱ्या अपिलातही हेच तपासावयाचे असते.

आपणांपैकी कोणावर साक्षीचा प्रसंग आलाच, तर ‘खात्री नाही’ म्हणण्यात कमीपणा मानू नये.