आधी पत्रा, मग पराक्रम

जुनी जपानी स्पोर्ट्स कार प्रथमच विकत घेणारा गृहस्थ गाडीची किल्ली हातात पडण्यापूर्वीच तिच्यात काय काय बदलायचे याची यादी करून मोकळा होतो, ही गोष्ट या आठवड्यात या सदराच्या रोषास पात्र ठरली आहे. जुन्या यंत्रांविषयी सदराला असलेला पक्षपात नेहमीच्या वाचकांना ठाऊक असल्याने त्याचे समर्थन पुन्हा करण्याचे कारण नाही.

उदाहरण म्हणून डॅटसन २४० झेड ही गाडी घेता येईल. १९६९ च्या ऑक्टोबरात जपानमध्ये प्रकट झालेल्या आणि निस्सानचे अमेरिकेतील प्रमुख युताका कातायामा यांनी तेथे मोठ्या हिरिरीने पुढे आणलेल्या या दोन आसनी गाडीत २,३९३ घनसेंटिमीटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन होते, अमेरिकेत तिची आरंभीची किंमत ३,५२६ डॉलर होती, आणि १९७३ पर्यंत अशा दीड लाखाहून अधिक गाड्या तयार झाल्या.

या गाडीचा खरा शत्रू गंज होय. बॅटरी ठेवण्याच्या तबकाखालचा पत्रा आम्लाने खाल्ला जातो, गालिच्याखालची जमीन कुजते, आणि जमिनीखालून लांबवर गेलेल्या ज्या पोकळ पत्र्यांवर सांगाड्याची मजबुती अवलंबून असते ते आतून पोखरले जातात. वरचा रंग मात्र चकाकत राहतो. चुंबक पत्र्याला चिकटतो, पुट्टीला चिकटत नाही, एवढे साधे ज्ञान आणि खिशात एक लहानसा चुंबक असला तरी पुष्कळ फसवणूक टळते. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या प्रदेशातील गाडीपेक्षा कॅलिफोर्निया किंवा ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत राहिलेल्या गाडीला अधिक पैसे का पडतात, हे न्यू जर्सीतील मराठी वाचकांना सांगण्याची गरज नाही.

परंतु पत्र्यावर खर्च केलेला पैसा कोणाला दिसत नाही, आणि नवख्या मालकाला तर दिसणारेच काहीतरी हवे असते. या गाडीत इंजिनाला पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण पुरवणारे दोन कार्बुरेटर असतात. त्यांच्या घुमटात एक दट्ट्या वरखाली होतो, त्याला जोडलेली सुई पेट्रोलचे प्रमाण ठरवते, आणि दट्ट्याने एकदम उसळी घेऊ नये म्हणून मधल्या नळीत थोडे हलके तेल असावे लागते. ते आटले की ॲक्सिलरेटर दाबताच मिश्रणात पेट्रोल कमी पडून इंजिन क्षणभर अडखळते. घुमटावरचे टोपण हाताने फिरवून काढावे, तेल घालावे, टोपण पुन्हा बसवावे, एवढाच त्यावर उपाय आहे. नवखा मालक मात्र मूळ कार्बुरेटरच निकामी ठरवून तीन वेबर कार्बुरेटर मागवतो आणि पुढे त्यांची सहा मुखे एकमेकांशी जुळवण्यात सुट्ट्या घालवतो.

याच कार्बुरेटरांच्या इतिहासात सदराला विशेष समाधान देणारा एक प्रसंग आहे. अमेरिकेतील धूरनियंत्रणाच्या नियमांपायी १९७३ च्या गाड्यांना सपाट माथ्याचे नवे कार्बुरेटर बसवण्यात आले. गरम इंजिनावर ते इतका त्रास देत की अनेकांनी ते काढून त्याआधीच्या गाड्यांचे गोल माथ्याचे कार्बुरेटर लावले, आणि आजही त्या वर्षीच्या गाडीची ही लोकप्रिय सुधारणा समजली जाते. पुढे जाण्यासाठी मागच्या वर्षाकडे वळावे लागते, हे मान्य करण्यात यंत्रज्ञांना कमीपणा वाटला नाही, ही त्यांची थोरवी होय.

सर्वच बदल निषिद्ध आहेत असे म्हणणे दुराग्रहाचे होईल. ठिणगीची वेळ साधणाऱ्या, घासून झिजणाऱ्या पॉइंटांऐवजी इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन बसवणे शहाणपणाचे आहे. अमेरिकेतील गाड्यांच्या चार गतींच्या गिअरबॉक्सऐवजी पुढील काळातील २८० झेडएक्सचा पाच गतींचा गिअरबॉक्स बसवल्यास महामार्गावर इंजिन शांत राहते. टोयोटाच्या पिकअपचे चार दट्ट्यांचे ब्रेक कॅलिपर या गाडीला लावण्याची प्रथाही जुनी आहे, पण ब्रेकच्या पन्नास वर्षांच्या रबरी नळ्या तशाच ठेवून असले कॅलिपर चढवणे म्हणजे शुद्ध अविचार.

म्हणून खरेदीदाराने ठरवलेल्या रकमेचा मोठा हिस्सा पत्रा, रबर आणि ब्रेक यांसाठी बाजूला काढावा, आणि जाहिरातीत ‘सर्व काही अपग्रेड केलेले’ असे शब्द आढळल्यास विक्रेत्याकडे काढून ठेवलेले मूळ भाग मागावेत. ते नसतील तर किंमत उतरवून घ्यावी.