शेळगावी नंबॅट

ज्या वस्तूचे पैसे आपण मोजले ती वस्तू आपली, असे मानणाऱ्या घरात मी वाढलो. आमच्याकडे शिवणयंत्र होते. ते आधी आजीने वापरले, मग आईने, आणि मधल्या चाळीस वर्षांत त्याला तेलाखेरीज दुसरे काही लागले नाही. ते बनवणाऱ्या कंपनीने एके दिवशी पत्र पाठवून, "आपल्या यंत्राला आमचा आधार आजपासून संपला, यापुढचे टाके आपण आपल्या जबाबदारीवर घालावेत," असे कळवले असते, तर आजीने ते पत्र पोस्टमनच्याच हाती परत दिले असते. हल्ली अशी पत्रे खरोखर येतात. ती पडद्यावर येतात, आणि परत करायला समोर पोस्टमन नसतो, एवढाच फरक.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. पुढची विंडोज ११ घ्यावी तर तिला टीपीएम नावाची सुरक्षेची सोय आणि साधारणपणे २०१८ च्या आसपासचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. म्हणजे कळफलक शाबूत, पडदा लख्ख, अंगावर ओरखडा नाही, आणि तरी यंत्र पेन्शनीत! अशा पेन्शनरांसाठी एक धर्मशाळा आहे, तिचे नाव लिनक्स. ती फुकट आहे, आणि तिथे म्हाताऱ्या यंत्राला कुणी वय विचारत नाही. पण आपला दुभाष्या आपण बरोबर आणला आहे का, हे मात्र विचारतात. त्या दुभाष्याचीच ही हकिगत.

माझी थोरली बहीण शेळगावला असते. बारामतीहून इंदापूरला निघाले की अंथुर्ण्याच्या पुढे आणि निमगाव केतकीच्या अलीकडे हा मुलूख लागतो. एका अंगाला नीरा डाव्या कालव्याचा ऊस, दुसऱ्या अंगाला डाळिंबाच्या बागा. यंत्राचे या भागाला वावडे नाही. जवळच्याच वालचंदनगरच्या कारखान्याने साखरेच्या यंत्रांपासून इस्रोच्या अग्निबाणांच्या कवचांपर्यंत मजल मारली आहे. तरीही लॅपटॉपचा "गाभा" बदलायचा म्हटल्यावर आमच्या दाजींच्या कपाळावर आठी पडली ती पडलीच.

"पाव्हणं," दाजी मला म्हणाले, "पोरगी म्हणती, सगळा गाभाच बदलायचाय. गाभा बदलल्यावर ऱ्हातंय काय? खोकंच की!"

पोरगी म्हणजे माझी भाची. पुण्याच्या एका कचेरीने तिला सहा महिन्यांसाठी घरूनच काम करायला घेतले होते. सोमवारपासून रुजू व्हायचे, आणि सहा महिने नीट गेले तर कायम. यंत्र सात-आठ वर्षांचे, चुलतभावाने वापरून दिलेले. त्यात २०२० सालचे उबुंटू २०.०४ होते. या मालिकेत दर दोन वर्षांनी एक दीर्घायुषी आवृत्ती निघते आणि तिला पाच वर्षे फुकट डागडुजी मिळते. २०.०४ ची ती मुदत मे २०२५ मध्ये संपलेली. कचेरीची अट अशी, की डागडुजी बंद झालेल्या यंत्रावर आमचे काम चालणार नाही. नवा लॅपटॉप घ्यावा तर त्या साली डाळिंबावर तेल्या पडलेला. दाजींनी हिशेबाची वही उघडून पाहिली आणि काही न बोलता मिटून ठेवली. तेव्हा आहे त्या यंत्रालाच वर चढवणे भाग होते, आणि हातात शनिवार-रविवार होते.

उबुंटूच्या प्रत्येक आवृत्तीला कुठल्या तरी प्राण्याचे नाव असते. २०.०४ ला मादागास्करातल्या फोसाचे, २२.०४ ला जेलीफिशचे, आणि २४.०४ ला नंबॅटचे. हा नंबॅट ऑस्ट्रेलियातला, वाळवीवर जगणारा. हे ऐकून अक्का म्हणाली, "मग दोन-चार जास्तीचे मागवा, आपल्या मागच्या खोलीच्या चौकटीला लागलीय." गंमत अशी की मधला प्राणी गाळून एकदम उडी मारता येत नाही. फोसावरून आधी जेलीफिशवर यायचे, मगच नंबॅटवर. भाचीने आदल्या रात्री सगळे कागदपत्र दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवले होते, आणि शनिवारी सकाळी देवाला नमस्कार करून पहिली पायरी चढली.

दुपारी वीज गेली. अशी चढाई अर्ध्यावर तुटली तर यंत्र ना इकडचे ना तिकडचे होऊन बसते, आणि याची बॅटरी अर्धा-पाऊण तास टिकणारी. घरात इन्व्हर्टर होता. पण त्यावर पंखा आणि दूरदर्शन संच चालायचा, आणि अक्काच्या मालिकेचा तो आठवड्याचा विशेष भाग. अक्काने संच स्वतःच्या हाताने बंद केला. ज्यांच्या घरी मालिका पाहिल्या जातात त्यांना या त्यागाचे मोल सांगायला नको. सव्वा तासाने वीज आली, आणि रात्री उशिरा नंबॅट शेळगावी सुखरूप पोचला. पडदा उजळला. मराठी अक्षरे पूर्वीपेक्षा सुबक दिसू लागली. (लिनक्सवरची मराठी अक्षरे हा वेगळ्याच लेखाचा विषय आहे. 'लोहित' नावाचे फुकट टंक रेड हॅट कंपनीच्या पुण्यातल्या मंडळींनी वर्षानुवर्षे सांभाळले; 'शेळगाव'मधला 'श' मराठी वळणाचा दिसतो तेव्हा त्यामागे अशाच कुणाची तरी रात्रपाळी असते.) सगळे ठीक होते, फक्त कोपऱ्यातली वायफायची खूण नाहीशी झाली होती.

"वायफायचा ड्रायव्हर गेला," भाची म्हणाली.

"मग कंपनी दुसरा माणूस धाडत नाही का?" अक्काने विचारले.

अक्काच्या प्रश्नाला हसू नये. घोटाळा शब्दातच आहे. हा ड्रायव्हर काही चालवत नाही. पूर्वी दरबारात फिरंगी वकील आला की मध्ये दुभाष्या उभा राही, तसा तो आहे. वायफायची चकती स्वतःच्या भाषेत बोलते, लिनक्सचा गाभा स्वतःच्या. मध्ये उभे राहून इकडचे तिकडे करणारा आज्ञावलीचा तुकडा म्हणजे ड्रायव्हर. चकती जागेवरच होती. भाचीने यंत्राला विचारले तेव्हा त्याने तिचे नाव आणि क्रमांक बिनचूक सांगितला. पण दुभाष्याला नव्या दरबाराची बोली येईना.

असे का व्हावे? दर नऊ-दहा आठवड्यांनी लिनक्सचा नवा गाभा निघतो, आणि त्याच्या आतल्या जोडण्या बदलत राहतात. त्या कायम ठेवू, असे वचन गाभा लिहिणारे देत नाहीत, आणि तसे ते उघड सांगतात. जे दुभाषे गाभ्याच्या घरातच राहतात त्यांना याची झळ लागत नाही. कारण जो माणूस जोडणी बदलतो त्यानेच घरातल्या सगळ्या दुभाष्यांची समजूत घालायची, अशी तिथली रीत आहे. एकत्र कुटुंबात चूल हलली तरी कुणाचे पान चुकत नाही, तसे. म्हणून तर गाभ्याच्या तीन कोटींहून अधिक ओळींपैकी निम्म्याहून जास्त ओळी नुसत्या ड्रायव्हरांच्या आहेत. पण काही कंपन्या आपला दुभाष्या घरात पाठवत नाहीत. त्याला वेगळे बिऱ्हाड करून देतात, काही वर्षे शिधा पुरवतात, आणि नवा माल बाजारात आला की शिधा बंद. भाचीच्या यंत्रातला दुभाष्या या वेगळ्या बिऱ्हाडातला होता. कंपनीचे नाव सांगत नाही. ती काही एकटी नव्हे. तिच्या मदतकेंद्रातल्या गृहस्थांनी फोनवर अत्यंत गोड आवाजात सांगितले की लिनक्स आमच्या आधारात येत नाही, आणि आपण नवे मॉडेल पाहावे.

वाचकहो, ही तक्रार जुनी आहे. किंबहुना सगळी चळवळच या तक्रारीतून निघाली. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की सर्वांना आपोआप निरोप जाई. तशी दुरुस्ती रिचर्ड स्टॉलमन यांनी स्वतः करून ठेवली होती. नव्यातही करू म्हणून ते गेले, तर मूळ आज्ञावली कुणी द्यायला तयार नाही. एका प्राध्यापकांकडे ती होती, पण त्यांनी न देण्याचा करार केलेला! स्टॉलमन यांनी हे मनाला लावून घेतले आणि सप्टेंबर १९८३ मध्ये जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली. ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लायनस टॉरवल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने, छंद म्हणून का होईना, गाभा लिहीत असल्याचे जाहीर केले, आणि दोन्ही मिळून आजची लिनक्स उभी राहिली. हेच टॉरवल्ड्स २०१२ साली फिनलंडमधल्या एका सभेत एनव्हिडिया या चित्रचकत्या बनवणाऱ्या कंपनीवर इतके संतापले, की त्यांनी कॅमेऱ्यासमोर एक बोट उंच केले. कोणते, ते दिवाळी अंकात सांगण्यासारखे नाही. त्या कंपनीने मे २०२२ मध्ये आपल्या ड्रायव्हरचा गाभ्याशी बोलणारा भाग खुला केला; तोही नव्या चकत्यांपुरता.

आपल्याकडेही याचे उदाहरण आहे. २००७ साली रायगड जिल्ह्यातल्या कर्जतजवळच्या खैरात गावी शाळेतल्या मुलांना हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप मिळाले. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' ही त्यामागची योजना. त्यात लिनक्स होती, स्मृती अवघी २५६ एमबी, आणि मुलांपुढे येणाऱ्या पडद्याचे नाव होते 'शुगर'. (शेळगावच्या उसात हे नाव शोभले असते.) सगळे उघडे, सगळे मुलांनी खोलून पाहावे असे, पण त्याही यंत्रातल्या मार्व्हेल कंपनीच्या वायरलेस चकतीची आतली आज्ञावली मात्र बंदच राहिली. ओपनबीएसडीच्या थिओ द राट यांनी त्यावर टीकाही केली. माझे मत त्यांच्या बाजूचे आहे. ज्याला घर दिले त्याच्या एका खोलीची किल्ली आपल्या खिशात ठेवू नये.

असो. रविवारी सकाळी असे आढळले की कंपनीने टाकून दिलेला तो दुभाष्या परदेशातल्या कुणा स्वयंसेवकाने दत्तक घेतला आहे आणि त्याला नव्या गाभ्याची बोली शिकवून ठेवली आहे. पण तो आणायचा कसा? जाळे जोडायला दुभाष्या हवा आणि दुभाष्या जाळ्यावर. विहिरीत पडलेली बादली काढायला दोर हवा, आणि दोर बादलीलाच बांधलेला! भाचीने दाजींचा मोबाईल मागितला, चार्जिंगच्या वायरीने लॅपटॉपला जोडला आणि मोबाईलमधली एक खूण दाबली. मोबाईलचे इंटरनेट वायरीतून यंत्रात आले. त्यासाठी लागणारा दुभाष्या गाभ्याच्या घरातलाच होता. दाजी पाहतच राहिले. त्यांना वाटत होते की त्या वायरीतून फक्त वीज जाते.

मग पाचेक मिनिटे पडद्यावर ओळी धावल्या. यंत्राने एक परवलीचा शब्द ठरवून घेतला आणि पुन्हा सुरू होताना निळ्या पडद्यावर तोच विचारला. परक्या दुभाष्याला आत घेण्याआधी मालकाची संमती हवी, असा तो बंदोबस्त आहे. ही पायरी पुष्कळांच्या नजरेतून सुटते आणि सगळे करूनही काही चालत नाही. भाचीने शब्द कागदावर टिपून ठेवला होता. कोपऱ्यात खूण उमटली. दाजींनी पहिली गोष्ट काय केली असेल, तर सातबारा उघडून पाहिला. गट क्रमांक जागेवर होता.

जुना लॅपटॉप घेणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट भाचीकडून शिकून आलो, ती सांगतो. लिनक्स पेनड्राइव्हवर घेऊन दुकानात जावे आणि पैसे देण्याआधी यंत्र त्यावरून चालू करावे. आतले काहीही न बदलता ते चालते. वायफाय, आवाज, कॅमेरा, आणि झाकण मिटून उघडल्यावर ते जागे होते का, एवढे पाहावे. दुकानदार कुरकुर करील. करू द्यावी.

भाची सोमवारी रुजू झाली. रात्री तिने त्या स्वयंसेवकाला लिहिले की तुमचा ड्रायव्हर २४.०४ वर अमुक क्रमांकाच्या चकतीला चालतो, नोंद घ्यावी. दोन दिवसांनी उत्तर आले: नोंद घेतली, आभार, आणि हे शेळगाव कुठे आहे? भाचीने नकाशा पाठवला. दाजींनी उत्तराचा मराठी अर्थ दोनदा ऐकून घेतला, "त्यानं किती पैसं घेतलं?" असे विचारले, आणि काहीच नाही म्हटल्यावर बराच वेळ गप्प बसले. सध्या ते परदेशी डाळिंबाची पेटी पाठवायला काय काय कागद लागतात याची इंदापुरात चौकशी करीत आहेत. तेल्यातून वाचलेल्या झाडांपैकी बांधाकडची दोन त्यांनी त्यासाठी राखून ठेवली आहेत.