चातुर्मासात फुल चार्ज सोडा

फोटोग्राफर बंधू-भगिनींनो,

आषाढी झाली, वारीचे फोटो देऊन झाले. आता तुळशीचं लग्न लागेपर्यंत लग्नाच्या ऑर्डरी बंद. मधे गणपती-नवरात्रात थोडं काम निघेल, पण ते एका बॉडीवर भागतं. बाकीच्या बॉड्या, फ्लॅश आणि व्हिडिओ लाइट बॅगेत पडून राहणार, आणि त्यांच्या बॅटऱ्याही. चातुर्मासात कोणी कांदा सोडतं, कोणी वांगं. आपण या चार महिन्यांपुरता फुल चार्ज सोडावा, एवढ्यासाठी हे आवाहन.

आपल्या सगळ्यांची सवय एकच. शेवटची ऑर्डर संपली की बॅटऱ्या फुल करून ठेवायच्या, अचानक कोणी बोलावलं तर तयारी असावी म्हणून. लग्नसराईत ते ठीक आहे. पण नुसत्या पडून राहणाऱ्या लिथियम-आयन बॅटरीला भरलं पोट सोसत नाही, आणि त्यात उकाडा असेल तर मुळीच नाही. साधारण हिशेब असा: 40 अंशांच्या उष्णतेत फुल चार्ज बॅटरी वर्षभर पडून राहिली, तर तिची क्षमता 65 टक्क्यांच्या आसपास उरते. तीच 40 टक्के चार्जवर ठेवली असती तर 85 उरली असती. पत्र्याखालचा स्टुडिओ आणि गाडीची डिकी, दोन्ही ठिकाणी ऊन पडलं की काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

म्हणून रिकामी करून ठेवायची, असंही नाही. बॉडी बंद असली तरी आतल्या आत थोडा करंट ओढत राहते. आधीच उतरलेली बॅटरी महिनोन् महिने तशीच राहिली, तर तिचं व्होल्टेज इतकं खाली जातं की आतलं तांबं विरघळू लागतं. मग चार्जर तिला घेत नाही. अशी बॅटरी तारा जोडून ‘उठवणारे’ महाभाग आपल्यात आहेत. कृपा करून तो उद्योग बंद करा, त्यात आतून शॉर्ट होण्याचा धोका असतो.

मधला मार्ग सोपा आहे. बॅटरी बॉडीतून काढायची आणि अर्धी भरायची. कॅननची एलपी-ई6 वापरत असाल तर तिच्या चार्जरचा दिवा बघा. तो एकदा लुकलुकतो तेव्हा चार्ज निम्म्याच्या खाली असतो. दोनदा लुकलुकू लागला की 50 टक्के झाले, तिथेच काढून घ्या. बाकीच्यांनी बॉडीत घालून स्क्रीनवर अर्धं चिन्ह दिसतंय का ते बघावं. पुढे महिन्यातून एकदा तपासा. तारीख लक्षात राहत नसेल तर संकष्टी धरा, चंद्रोदयाची वाट बघताना तेवढाच वेळ जातो. मधे बॉडीने तारीख-वेळ नव्याने विचारली तर घाबरू नका. आतलं घड्याळ चालवणारा छोटा सेल उतरलेला असतो, इतकंच.

ठेवायचं कुठे? कोरड्या, सावलीतल्या जागी. फ्रीजमध्ये नको, बाहेर काढल्यावर पाणी सुटतं. स्टीलच्या डब्यात सुट्या टाकू नका, टर्मिनल धातूला लागलं की शॉर्ट झालंच. बॅगेत किल्ल्या आणि सुट्या नाण्यांबरोबरही नको. बॅटरीबरोबर आलेलं प्लास्टिकचं टोपण बहुतेकांनी पहिल्याच आठवड्यात हरवलेलं असतं (मीही), त्यावर टर्मिनलला चिकटपट्टी हा उपाय. मग प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेलची पुडी, आणि डबा मुलांच्या हाताला लागणार नाही असा.

आता फ्लॅशचं. हे मी स्वतः भोगलं आहे. एका वर्षी चार पेन्सिल सेल फ्लॅशमध्येच राहिले. तुळशीच्या लग्नानंतरची पहिली ऑर्डर, नवरी बोहल्यावर चढतेय आणि फ्लॅश गप्प. झाकण उघडलं तर आत पांढरा खरवडा आणि स्प्रिंग गंजलेली. अल्कलाइन सेल असे पाझरतात, आणि तो द्राव त्वचेला भाजतो. थोडंच असेल तर कापसाच्या बोळ्याला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून पुसता येतं. माझं थोडंच नव्हतं. फ्लॅश, ट्रिगर, जुना रेडिओ माइक, सगळ्यांतले सेल आजच काढा.

फुगलेली बॅटरी हा वेगळा विषय. ती बॉडीत अडकत असेल तर दाबून बसवू नका, टोचू नका, ‘एवढं लग्न निघेल’ म्हणून चार्जला लावू नका. पडद्या-कागदांपासून लांब, फरशीवर, वाळू घातलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. धूर निघू लागला तर माणसं बाहेर काढा आणि 101 ला फोन करा; तो धूर विषारी असतो. कचऱ्याच्या गाडीत किंवा भंगारवाल्याकडे मात्र कुठलीच बॅटरी द्यायची नाही. 2022 च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा विकणाऱ्या दुकानदाराला हक्काने विचारा.

19 ऑगस्टला जागतिक छायाचित्र दिनाच्या कॅमेरापूजनाला सगळे जमणारच आहोत. येताना घरातल्या मेलेल्या बॅटऱ्या घेऊन या, टर्मिनलला चिकटपट्टी लावून, प्रत्येक वेगळ्या पिशवीत. ई-कचरा संकलन केंद्रापर्यंत नेण्याचं काम माझ्याकडे. फुगलेली असेल तर मात्र आणू नका, आधी सांगा. आणि पूजेत हळदकुंकू बॉडीवर वाहा, बॅटरीच्या टर्मिनलवर नको.

आपला,
तालुक्यातला एक व्यवसायबंधू