कस्टमला मोटार, आरटीओला सुटे भाग

जबलपूर हे मोटारी जोडणाऱ्यांचे गाव आहे. गन कॅरेज फॅक्टरी येथे १९०४ पासून आहे, तर व्हेइकल फॅक्टरी १९६९ ची. लष्कराच्या 'जोंगा' गाडीचे नावच मुळी 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली' या शब्दांच्या आद्याक्षरांतून आले. आराखडा जपानच्या निस्सान कंपनीचा, पण गाडी उभी केली ती येथल्या हातांनी. अशा कारखान्यांत आयुष्य घालवून निवृत्त झालेली माणसे या शहराच्या प्रत्येक वस्तीत भेटतात.

समजा, राइट टाउनमधील अशा एखाद्या निवृत्त अभियंत्याने ठरवले की ब्रिटनमधून मोटारीचा संच मागवावा आणि आपल्या अंगणात ती जोडावी. ब्रिटनमध्ये हा छंद जुना आहे. १९५७ ची 'लोटस सेव्हन' ही गाडी संचरूपानेही विकली जाई, कारण तयार मोटारीवरचा खरेदीकर सुट्या भागांना लागू नव्हता. तेथेही वाहतूक डावीकडून चालत असल्याने स्टिअरिंग उजव्या बाजूला असते. आपल्या आयात धोरणाची ही महत्त्वाची अट म्हणजे आपोआपच पुरी होते. मग अडते कोठे?

पहिले दार कस्टमचे. १९७५ च्या सीमाशुल्क दर कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वर्गीकरणाचे सामान्य नियम आहेत. त्यांतील नियम २(अ) सांगतो की न जोडलेल्या वस्तूला पूर्ण वस्तूचे मूलभूत स्वरूप असेल, तर ती पूर्ण वस्तूच समजावी. म्हणजे खोक्यांतून आलेला संपूर्ण संच कस्टमच्या लेखी 'मोटार' ठरू शकतो आणि त्यावर मोटारीच्या शीर्षाखाली शुल्क आकारले जाते.

दुसरे दार परिवहन कार्यालयाचे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ४७ प्रमाणे नोंदणीच्या अर्जासोबत विक्रीचा दाखला नमुना २१ मध्ये आणि रस्तायोग्यतेचा दाखला नमुना २२ मध्ये जोडावा लागतो. नमुना २२ देणार कोण? उत्पादक. येथे उत्पादक म्हणजे तो निवृत्त गृहस्थ आणि कारखाना म्हणजे त्याचे अंगण. खिडकीवरचा लिपिक कागद परत करतो. त्याच्या दृष्टीने ही मोटार नाही, सुट्या भागांचा ढीग आहे. एकाच वस्तूला शासनाचा एक हात मोटार म्हणून पैसे घेतो आणि दुसरा हात ती मोटार नव्हेच म्हणतो! यात लिपिकाचा दोष नाही. त्याच्या यादीत या माणसासाठी रकानाच नाही.

तिसरे दार चाचणीचे. नियम १२६ प्रमाणे उत्पादकाने किंवा आयातदाराने गाडीचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडे तपासणीसाठी द्यावयाचा असतो. हजारो गाड्या काढणाऱ्याला हे योग्यच आहे. पण ऑक्टोबर २०१७ पासून मोटारींच्या नव्या मॉडेलांना समोरासमोरच्या धडकेची चाचणी लागू झाली. ज्याच्याकडे एकच गाडी आहे, त्याने ती आपटून मोडावी आणि मग उत्तीर्ण झाल्याचा दाखला घेऊन कशात बसावे? २०१८ मध्ये केंद्राने वर्षाला २,५०० आयात वाहनांपर्यंत या नियमातून सवलत दिली, पण तीही उत्पादक किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीसाठी. नागरिक पुन्हा बाहेरच.

भारतात अशा घाटाच्या गाड्या झाल्याच नाहीत, असे नाही. अलिबागजवळ चिंकारा मोटर्सने लोटस सेव्हनच्या धर्तीची रोडस्टर बनवली, गोव्यात सॅन मोटर्सने 'स्टॉर्म' काढली. पण त्या कंपन्या होत्या. आपला मोटार कायदा बनवणारी कंपनी ओळखतो आणि विकत घेणारे गिऱ्हाईक ओळखतो. स्वतः बनवणारा माणूस त्याला ठाऊकच नाही.

यावर ठरलेला आक्षेप सुरक्षिततेचा. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी कलम ५२ चा अर्थ लावताना उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार चालणार नाहीत, असे स्पष्ट केले. ते योग्यच झाले. परंतु संचातून नव्याने जोडलेली गाडी हा जुन्या गाडीतला फेरफार नव्हे. शिवाय दार बंद केल्याने हौस थांबत नाही, ती आडवाटेने जाते. एखाद्या जुन्या गाडीचे आर.सी. बुक मिळवायचे, तिचा चासी क्रमांक ठेवायचा आणि बाकी सारे बदलायचे. कागद खरे आणि गाडी खोटी! अशा गाडीचे ब्रेक कोणी तपासलेले नसतात. सुरक्षिततेच्या नावाने आपण तपासणीच टाळतो आहोत.

अपवादासाठी वेगळे दार करणे आपल्या प्रशासनाला अशक्य नाही. लष्कराने विकलेल्या वाहनांसाठी नियम ४७ मध्येच स्वतंत्र तरतूद आहे. जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरील विंटेज वाहनांसाठी 'व्हीए' ही वेगळी मालिका, राज्यस्तरीय समिती आणि २०,००० रुपये शुल्क ठरले. संग्राहकासाठी जे सुचले, ते कारागिरासाठी का सुचू नये?

ब्रिटनने १९९८ मध्ये एकेका मोटारीच्या तपासणीची पद्धत आणली आणि २००९ पासून तिची जागा 'वैयक्तिक वाहन मान्यते'ने घेतली. निरीक्षक ती एकच गाडी पाहतो: ब्रेक, दिवे, पट्टे, धूर, स्टिअरिंग. उणीव असेल तर दुरुस्त करून पुन्हा आणायला सांगतो. आपल्याकडे तीन गोष्टी केल्या तरी पुरे :

१) स्वतः जोडलेल्या वाहनासाठी नियम ४७ मध्ये स्वतंत्र नमुना असावा आणि प्रत्येक भागाची पावती सक्तीची असावी, म्हणजे चोरीचा माल शिरणार नाही.

२) गाडी न मोडता करावयाची तपासणी मान्य चाचणी केंद्रात व्हावी. मध्य प्रदेशात इंदूरजवळ पीथमपूरला नॅट्रॅक्स आहेच.

३) विक्रीवर काही वर्षे बंदी आणि वेगळी क्रमांकमालिका असावी, म्हणजे छंदाच्या नावाखाली धंदा होणार नाही.

अशा गाड्या देशभरात मूठभरच असतील, त्यांच्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असे मंत्रालयात विचारले जाईल. पण मूठभरांसाठी नियम करणे अवघड नसते, आणि नियम नसल्याची किंमत मूठभरांपुरती राहत नाही. हाताने वस्तू घडवणाऱ्याला शासनाच्या कोणत्याही खिडकीवर स्थान नाही, हा धडा त्या गृहस्थाच्या अंगणात खेळणारी पोरेही शिकतात. त्यांना नवनिर्मितीची व्याख्याने देण्यापूर्वी अर्जाच्या नमुन्यात एक रकाना वाढवावा.